डिस्प्लेवर ठीक, कवचावर गरम: कमजोर पिल्लांचं एक प्रकरण

हॅचरीत, म्हणजे यंत्रात अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्रात, चर्चा होते ती हॅचेबिलिटीची. शंभर अंडी भरली, किती पिल्लं निघाली, यावर महिना चांगला की वाईट ते ठरतं. पण विकत घेणाऱ्याच्या शेडमध्ये पिल्लाचे पहिले सात दिवस कसे जातात, याचा हिशोब त्या आकड्यात नसतो. हे प्रकरण त्या दोन हिशोबांमधल्या फटीचं आहे. ते कुठल्या एका हॅचरीच्या नोंदवहीतून उचललेलं नाही. व्यवहारात वारंवार दिसणारी गुंतागुंत अभ्यासासाठी एका जागी मांडली आहे. हॅचरीतले आकडे उदाहरणाचे आहेत, ज्या मानकांशी त्यांची तुलना केली ती मात्र या धंद्यात सर्वत्र वापरली जाणारी आहेत.

परिस्थिती

मध्यम आकाराची ब्रॉयलर हॅचरी. सिंगल-स्टेज सेटर (उबवणीचं यंत्र), म्हणजे एका सेटरमध्ये एकाच दिवशी सगळी अंडी भरायची आणि अठराव्या दिवशी सगळी एकदम हॅचरमध्ये (पिल्लं जिथे कवच फोडतात ते यंत्र) हलवायची. प्रत्येक सेटरची क्षमता 57,600 अंडी. त्या काळात दोन ब्रीडर फ्लॉक (उबवणीच्या अंड्यांसाठी पाळलेले कोंबड्यांचे कळप) अंडी देत होते. एक तरुण, 29 आठवड्यांचा, सरासरी अंडं 54 ग्रॅमचं. दुसरा मधल्या वयाचा, 44 आठवड्यांचा, अंडं 64 ग्रॅमचं. एका फ्लॉकच्या अंड्यांनी सेटर पूर्ण भरत नसे, म्हणून दोन्हींची अंडी एकत्र भरली जात.

तक्रारी शेडवरून आल्या. पिल्लं सुस्त, एकसारखी नाहीत, बऱ्याच पिल्लांची बेंबी नीट मिटलेली नाही. पहिल्या आठवड्याची मरतुक काही शेडमध्ये 2.4 टक्के, तर काहींमध्ये 0.9 टक्के. सर्वसाधारण अपेक्षा एक टक्क्याच्या आत राहण्याची असते. हॅचेबिलिटी मात्र जवळपास जागच्या जागी होती, एक-दीड टक्का खाली. त्यामुळे हॅचरीचं पहिलं उत्तर अपेक्षितच होतं: आमच्याकडून पिल्लं बरोबर निघाली, ब्रूडिंग (शेडमध्ये पिल्लांना ऊब देणं) बघा.

मेलेल्या पिल्लांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. बेंबी सुजलेली, न शोषलेला बलक बिघडलेला, आणि त्यात ई. कोलाय. हा निष्कर्ष हाती येताच सगळ्यांचं लक्ष स्वच्छतेकडे वळलं. धुरी वाढवली, हॅचरच्या ट्रे दोनदा धुतल्या, अंड्यांच्या खोलीची फवारणी वाढली. त्यात चूक काहीच नव्हतं, पण तक्रारी थांबल्या नाहीत.

माझ्या मते तपास इथे अडकण्याचं कारण सरळ आहे. जंतू सापडला की कारण सापडलं असं वाटतं. पण ई. कोलाय हॅचरीत थोड्याफार प्रमाणात असतोच. बेंबी पूर्ण मिटलेली असेल तर त्याला आत जायला वाट नसते. म्हणून जंतू कुठून आला याच्या आधी, बेंबी उघडी का राहिली, हे विचारायला हवं होतं.

न जुळणारी गोष्ट

कोडं सुटायला सुरुवात झाली ती शेडच्या यादीसमोर फ्लॉकचं नाव लिहिल्यावर. तोपर्यंत मरतुकीच्या नोंदी शेडनुसार होत्या आणि हॅचेबिलिटीच्या नोंदी सेटरनुसार. फ्लॉकनुसार काहीच नव्हतं. नोंदी नव्याने लावल्या तेव्हा दिसलं की तक्रारीची पिल्लं बहुतेक सगळी 44 आठवड्यांच्या फ्लॉकची आहेत.

हे नेहमीच्या अनुभवाच्या उलट आहे. तरुण फ्लॉकचं पिल्लू लहान असतं, त्याच्याजवळ साठा कमी असतो, शेडमध्ये थंडी लागली तर ते आधी कोलमडतं. मधल्या वयाच्या फ्लॉकचं पिल्लू सर्वांत दणकट समजलं जातं. इथे दणकट पिल्लं मरत होती आणि नाजूक पिल्लं जगत होती, तीही एकाच सेटरमधून निघून. ब्रूडिंगचा दोष असता तर लहान पिल्लांना जास्त फटका बसला असता. घाणीचा दोष असता तर दोघांना बसला असता.

मग ब्रीडर फार्मकडे बोट गेलं. तेही तपासण्यासारखंच होतं, आणि त्यासाठी न फुटलेली अंडी फोडून बघण्याइतकं स्वस्त साधन नाही. दोन्ही फ्लॉकची न फुटलेली अंडी वेगवेगळी फोडली. मधल्या फ्लॉकमध्ये वांझ अंडी कमी, पहिल्या आठवड्यात मेलेले भ्रूण नेहमीइतकेच. अंडी फार दिवस साठवली असती किंवा साठवणीच्या खोलीत तापमान वर-खाली झालं असतं, तर नुकसान प्रामुख्याने या सुरुवातीच्या मृत्यूंमध्ये दिसलं असतं. साठवण चार-पाच दिवसांचीच होती, 16 ते 18 अंश सेल्सियसला. ट्रे दर तासाला फिरत होते आणि दोन्ही बाजूंना 45 अंशांपर्यंत झुकत होते. वाढ दिसली ती शेवटच्या टप्प्यात: पूर्ण वाढ झालेले, पण चोच न मारताच मेलेले भ्रूण, आणि कवच टोचून तिथेच थांबलेली पिल्लं. म्हणजे जे काही बिघडत होतं ते पंधराव्या दिवसानंतर.

वजनाने दिलेला पुरावा

या प्रकरणातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा भाग हा आहे, आणि त्यासाठी लागतो फक्त एक तराजू.

पिल्लं काढताना त्यांचं वजन भरताना असलेल्या अंड्याच्या वजनाच्या साधारण 67 ते 68 टक्के असावं. याला चिक यील्ड म्हणतात. 64 ग्रॅमच्या अंड्यातून 43 ग्रॅमच्या आसपासचं पिल्लू हवं. मधल्या फ्लॉकची यील्ड निघाली 65 टक्के, म्हणजे 41.6 ग्रॅम. पिल्लं सुकलेली होती. पायांवरच्या शिरा उठून दिसत होत्या आणि कातडीही कोरडी होती.

सुकलेलं पिल्लू दिसलं की हात आपोआप आर्द्रतेच्या बटणाकडे जातो. इथेही गेला. सेटरची आर्द्रता वाढवली गेली, फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण अंड्याने सेटरमध्ये किती पाणी गमावलं हे कुणी मोजलंच नव्हतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 11 ते 12 टक्के कमी होणं हे ठीक मानलं जातं. आर्द्रता वाढवण्याआधी भरलेल्या एका खेपेचे ट्रे भरताना तोलले होते. ते हलवताना पुन्हा तोलले, तर मधल्या फ्लॉकची घट 11.8 टक्के होती. अगदी योग्य.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच उलगडतं. अठराव्या दिवशी पाणी बरोबर होतं, पिल्लं काढताना कमी होतं. मग ते गेलं मधल्या तीन दिवसांत. आणि कवचाबाहेर पडलेलं पिल्लू कवचातल्या भ्रूणापेक्षा कितीतरी वेगाने पाणी गमावतं, त्यात ते धापा टाकत असेल तर आणखी वेगाने. पिल्लं लवकर बाहेर पडून हॅचरमध्ये फार वेळ ताटकळत होती. यात सेटरच्या आर्द्रतेचा संबंधच नव्हता.

ते खरं आहे का, हे पाहायला हॅचर उघडून मोजावं लागलं. पिल्लं काढायच्या साधारण 24 तास आधी हॅचरमध्ये जेमतेम पाव पिल्लं फुटलेली असावीत. मधल्या फ्लॉकच्या ट्रेमध्ये तोवर दोन-तृतीयांश पिल्लं बाहेर होती आणि बरीच वाळलेली होती. शेजारच्या तरुण फ्लॉकच्या ट्रेमध्ये तुरळक. पिल्लं काढायची वेळ ठरत होती ती तरुण फ्लॉकची शेवटची पिल्लं वाळेपर्यंत थांबून. मोठी पिल्लं तोवर दीड दिवस उपाशी, तहानलेली आणि उकाड्यात. त्यांच्या गुदद्वारातलं तापमान 106 अंश फॅरनहाइटच्या वर भरलं. 103 ते 105 या पट्ट्यात पिल्लू आरामात असतं.

पण लवकर का फुटली?

सेटरचा डिस्प्ले बघितला तर प्रत्येक तास ठरवलेल्या तापमान-कार्यक्रमानुसार होता. अलार्म नाही, नोंदींत चढ-उतार नाही. सेन्सर तपासून घेतले, तेही अचूक निघाले. सगळं काही बरोबर सांगणारं ते यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते हवेचं तापमान सांगत होतं, आणि भ्रूण हवेत राहत नाही. भ्रूणाला जे तापमान लागतं ते कवचाच्या आत असतं, आणि त्याच्या सर्वांत जवळचं मोजता येणारं तापमान म्हणजे कवचाचं.

पहिल्या आठवड्यात यंत्र अंड्याला ऊब देतं. साधारण नवव्या-दहाव्या दिवसानंतर भ्रूण स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतो आणि यंत्राचं काम उलटतं: आता ऊब काढून घ्यायची. अठराव्या दिवशी एक अंडं साधारण 0.14 वॅट उष्णता सोडतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण 57,600 अंड्यांचा सेटर धरला तर ती आठ किलोवॅटच्या आसपास जाते. एवढी उष्णता अंड्यांमधून वाहणाऱ्या हवेने उचलून नेली नाही, तर ती कवचातच साचते.

आता दोन फ्लॉकचा फरक पाहा. 64 ग्रॅमच्या अंड्यातला भ्रूण मोठा, त्याची उष्णता जास्त. वजनाच्या मानाने अंड्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून ती बाहेर टाकायला जागा कमी. त्याच ट्रेमध्ये मोठी अंडी बसली की मधल्या फटी अरुंद होतात आणि हवा अडते. शिवाय त्या फ्लॉकची फलनक्षमता उत्तम होती. वांझ अंडं उष्णता देत नाही, जिवंत देतं. जास्त जिवंत अंडी म्हणजे जास्त ऊब. म्हणजे फ्लॉक जितका चांगला चालला, तितकी यंत्रावरची जबाबदारी वाढली.

आणि सेटरचा तापमान-कार्यक्रम बनवला होता फ्लॉक नव्याने अंड्यावर आला तेव्हा, म्हणजे छोट्या अंड्यांसाठी. तो चांगला चालला म्हणून तसाच राहिला. फ्लॉकचं वय वाढत गेलं, कार्यक्रमाचं नाही. त्यात भर म्हणजे भरताना तरुण फ्लॉकच्या ट्रॉल्या सवयीने सेन्सरच्या बाजूला लागत. सेन्सरला थंड शेजार मिळाला आणि त्याच्या हिशोबाने सगळं ठीक होतं.

कवचाचं तापमान मोजायला कानात घालायचा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. तो अंड्याच्या टोकाला नाही तर मधल्या फुगीर भागावर टेकवायचा, ट्रॉलीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेमधून वाचनं घ्यायची, आणि आधी कँडलिंग करून (अंड्यामागे दिवा धरून आत पाहून) फक्त जिवंत अंडी मोजायची. शेवटची अट सोडली तर सरासरी खोटी येते, कारण वांझ आणि मेलेली अंडी थंड असतात. दार फार वेळ उघडं ठेवूनही चालत नाही.

सोळाव्या दिवशी तरुण फ्लॉकची अंडी 100.3 अंश फॅरनहाइट. मधल्या फ्लॉकची 102.6, सेन्सरपासून लांबच्या ट्रॉलीत 103 ला टेकलेली. हवं असतं ते 100 ते 101 च्या दरम्यान, म्हणजे 37.8 ते 38.3 अंश सेल्सियस. 102 च्या वर शेवटचा आठवडा काढलेल्या भ्रूणाचं नुकसान ठरलेलं आहे.

हे नुकसान कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. तापमान वाढलं की भ्रूणाची चयापचय क्रिया वेगाने चालते आणि त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. पण तो येतो कवचाच्या छिद्रांमधून, आणि छिद्रं वाढत नाहीत. शेवटच्या आठवड्यात आधीच ओढाताण असते, उष्णतेने ती पराकोटीला जाते. कवच फोडायला लागणारा ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या साखरेचा) साठा आधीच खर्च होतो. बलक शरीरात रूपांतरित होण्याऐवजी पोटात तसाच उरतो. हृदयाची वाढ कमी राहते. आणि बलकाची पिशवी पूर्ण आत ओढली जाण्याआधीच पिल्लू बाहेर येतं, म्हणून बेंबी उघडी राहते. त्या वाटेने जंतू आत जातो, आत न शोषलेला बलक असतोच. प्रयोगशाळेचा ई. कोलाय इथे येऊन जागेवर बसला.

पिल्लांची पासगार पद्धतीने तपासणी केली तेव्हा हे सगळं पिल्लावर वाचता आलं. या पद्धतीत चपळाई, बेंबी, पाय, चोच आणि पोट या पाच गोष्टी पाहतात आणि दहातून प्रत्येक दोषाचा एक गुण वजा करतात. मधल्या फ्लॉकचे गुण बेंबी आणि पोटावर गेले, आणि लाल झालेल्या पायाच्या सांध्यांवर. अरुंद जागेतून जोर लावून बाहेर पडताना थकलेल्या पिल्लाचे सांधे असे घासले जातात. चपळाईही कमी: उताणं केलेलं पिल्लू चटकन उलटायला हवं, ही वेळ घेत होती.

काय बदललं

मधल्या फ्लॉकची एकाच दिवसाची अंडी दोन भागांत विभागली. अर्धी जुन्याच पद्धतीने मिश्र सेटरमध्ये, अर्धी अंड्यांचा आकार सारखा असलेल्या वेगळ्या सेटरमध्ये, नव्या कार्यक्रमावर. त्यात दहाव्या दिवसापासून हवेचं तापमान टप्प्याटप्प्याने उतरवलं, शेवटच्या दिवसांत जुन्यापेक्षा एक ते दीड अंश फॅरनहाइट खाली. किती उतरवायचं हे कवचाच्या वाचनांवरून ठरवलं. दाराचे झिजलेले रबर आणि ट्रॉल्यांमधल्या फटी अडवणारे पडदे आधी दुरुस्त केले, कारण हवा जिथून सोपं तिथून निसटते आणि अंड्यांच्या मधून जाण्याचं टाळते. दोन्ही भागांची पिल्लं एकाच शेडमध्ये दोन वेगळ्या कप्प्यांत टाकली. त्यामुळे ब्रूडिंगचा वाद आपोआप मिटला.

नव्या भागात कवचाचं तापमान 100.2 ते 100.9 राहिलं. पिल्लं काढायच्या 24 तास आधी पावपेक्षा कमी फुटलेली होती. यील्ड 67.4 टक्के. बेंबीचे दोष निम्म्याहून कमी झाले. शेडमध्ये सोडल्यावर दोन तासांनी तीन-चतुर्थांशाहून जास्त पिल्लांच्या अन्नपिशवीत खाद्य आणि पाणी हाताला लागलं, जुन्या भागात निम्म्यांच्याच. पहिल्या आठवड्याची मरतुक 0.9 विरुद्ध 2.2 टक्के, आणि सातव्या दिवसाचं वजन नव्या भागात सुरुवातीच्या चौपटीपेक्षा जास्त, जुन्यात त्याहून कमी.

हॅचेबिलिटी किती वाढली? जेमतेम दोन टक्के. फक्त तोच आकडा पाहणाऱ्याला एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटलं असतं. पण जी पिल्लं दोन्ही भागांत जिवंत निघाली, त्यांच्यातच खरा फरक होता.

अडचणी इथून पुढच्या. एका फ्लॉकच्या अंड्यांनी सेटर भरत नाही ही व्यवस्थापकांची हरकत खरी होती. अर्धवट भरलेला सेटर हवा कुठूनही वाहू देतो आणि नवे गरम-थंड कोपरे तयार करतो. म्हणून ठरलं की मिसळायचंच असेल तर अंड्याच्या वजनात फार फरक नसलेले फ्लॉक मिसळायचे, मोठी अंडी सेन्सरच्या बाजूला ठेवायची, आणि कार्यक्रम सर्वांत गरम अंड्यांच्या वाचनावर चालवायचा. अशा सेटरमध्ये लहान अंडी थोडी थंड राहतात आणि उशिरा फुटतात. हा तोटा आहे, पण जास्त उष्णतेच्या तोट्यापेक्षा तो कितीतरी बरा, कारण थोडा उशीर भरून काढता येतो, भाजलेली वाढ नाही. तरुण फ्लॉक दुसऱ्या सेटरमध्ये असेल तर त्याची अंडी काही तास आधी भरायची.

पिल्लं कधी काढायची यावरून सर्वांत जास्त ओढाताण झाली. गाड्यांची वेळ ठरलेली, कामगारांची पाळी ठरलेली. नवा नियम असा की प्रत्येक हॅचर वेगळा पाहायचा आणि साधारण पाच टक्के पिल्लांच्या मानेवर ओल उरली असेल तेव्हा काढायचं. सगळी खडखडीत वाळेपर्यंत थांबलं तर आधी निघालेली सुकतात. हा नियम पाळायला गाड्यांचं वेळापत्रक सैल करावं लागलं, आणि ते अजून पूर्ण जमलेलं नाही.

एका शेडची मरतुक हॅचरी सुधारल्यावरही कमी झाली नाही. तिथे हवेचं तापमान बरोबर होतं, पण पिल्लं टाकण्याआधी लिटर (जमिनीवर पसरलेला भुसा) पुरेसं तापवलेलं नव्हतं. पिल्लू पायांनी आणि पोटाने जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे लिटर 30 ते 32 अंश सेल्सियस हवं. शेतकऱ्याला दोष देताना हॅचरीने केलेली घाई जितकी चूक, तितकंच प्रत्येक मेलेलं पिल्लू हॅचरीच्या नावावर टाकणंही चूक ठरलं असतं. फ्लॉकनुसार आणि शेडनुसार अशा दोन्ही नोंदी असल्यामुळे हे वेगळं काढता आलं.

तरुण फ्लॉककडे आता कुठे लक्ष गेलं आहे. त्याच्या अंड्यांचं कवच जाड, छिद्रांतून पाणी कमी जातं, आणि अठराव्या दिवसापर्यंतची घट 10 टक्क्यांच्याही खाली भरते. मधल्या फ्लॉकसाठी वाढवलेली आर्द्रता तशीच राहिल्याने ही घट आणखी कमी झाली होती. ती पूर्ववत केली आहे, पुढची खेप भरताना ट्रे तोलले आहेत आणि हलवताना पुन्हा तोलले जातील. आणि दर सहा आठवड्यांनी प्रत्येक फ्लॉकच्या कवचाचं तापमान बारा, चौदा, सोळा आणि अठरा या दिवशी मोजून कार्यक्रम नव्याने लावायचा, हे सेटरच्या नोंदवहीत लिहिलं गेलं आहे.